आमच्या घराचे विदेश पान

आमच्या घरात सकाळी दोन प्रश्न ठरलेले असतात. कुवेतची खबर काय, हा पहिला. चिपळूणची काय, हा दुसरा. दोन्ही अम्मा विचारते आणि दोन्हींची उत्तरे हल्ली मोबाईलमध्ये बघून द्यावी लागतात. कागदाचा पेपर घरी फक्त रविवारी येतो. बाकीचे सहा दिवस त्याच पेपरचे ॲप आहे.

आम्ही म्हणजे अम्मा, आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि कुवेतला असलेला धाकटा भाऊ. भावाला घरात मोजावे की नाही, असा प्रश्न रेशनकार्डवाल्यांना पडतो, आम्हाला नाही.

ॲप पहिल्यांदा उघडले तेव्हा त्याने आमचा जिल्हा विचारला. आम्ही रत्नागिरी निवडला. खाली चार कप्पे दिसू लागले : मुख्य, माझा जिल्हा, देश, विदेश. भावानेही कुवेतमध्ये बसून तेच ॲप घेतले आणि रत्नागिरीच निवडला. तो तिथे आमचा जिल्हा वाचतो, आम्ही इथे त्याचे विदेश वाचतो. परशुराम घाटात दरड आली, महामार्ग बंद झाला, की कधी कधी त्याचाच फोन आधी येतो. "भाईजान, आज खेडला जाऊ नका, घाट बंद आहे." आम्ही चिपळुणात राहतो आणि घाट बंद असल्याचे कुवेतमधून कळते. मुले हसतात. आम्हीही हसतो. पण कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांचे सगळे गणितच असे आहे. मुंबई, मग आखात. ज्या घरातला एक माणूस समुद्रापलीकडे नाही असे घर आमच्या गावात शोधावे लागेल. त्यामुळे प्रादेशिक बातमी आणि विदेशी बातमी असे दोन कप्पे पेपरवाल्यांनी केले, तरी आमच्या घरात ते कधी नीट वेगळे झाले नाहीत.

ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा कळली ती १९९० साली. तेव्हा आम्ही खाडीकाठच्या गावी राहत होतो. बाबा कुवेतला एका बेकरीत कामाला होते. २ ऑगस्टला इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. गावात ही बातमी रेडिओने आणली. फोन लागत नव्हता. गावात फोन होता तोच एक, पोस्टातला, आणि पलीकडच्या बाजूला उचलायला कोणी नव्हते. पत्र येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मुंबईचा पेपर गावात दुपारच्या एस.टी.ने यायचा. कंडक्टर गठ्ठा खाली टाकायचा आणि थांब्यावरच्या हॉटेलात तो सुटायचा. मराठी शाळेतले गुरुजी बाकावर बसून मोठ्याने वाचायचे. भोवती सगळा मोहल्ला. एरवी पहिले पान वाचून गुरुजी क्रिकेटकडे वळायचे. त्या दिवसांत मात्र ते थेट आतले विदेशाचे पान उघडायचे आणि ज्यांची माणसे तिकडे होती त्यांच्याकडे न बघता वाचायचे. आम्ही भावंडे ऐकून घरी धावायचो. अम्मा चुलीजवळ वाट बघत असायची. तिला अरबी अक्षर लागते, देवनागरी लागत नाही. कुरआन शरीफ ती रोज वाचते, पण पेपर तिच्यासाठी कोणीतरी वाचावा लागतो. आम्ही तेरा-चौदा वर्षांचे. वाईट ते गाळून, चांगले तेवढे सांगायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "एवढं चांगलं असतं तर तुझे बाबा आले नसते का?" त्यानंतर आम्ही काही गाळले नाही.

भारत सरकारने अम्मानमार्गे विमाने लावली आणि एक लाख सत्तर हजारांच्या वर माणसे परत आणली, हे आज सगळ्यांना माहीत आहे. त्यावर सिनेमाही निघाला. तेव्हा आम्हाला ठाऊक होते ते इतकेच, की पेपरात रोज एक आकडा येतो आणि त्या आकड्यात बाबा आहेत की नाहीत हे पेपरला माहीत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून तार आली. डोंगरीला आमच्या गावच्या जमातीची खोली होती. बाबा बसने बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवर वाळूतले तंबू, मग अम्मानहून विमान, असे करत तिथे पोहोचले होते. तार हातात धरून अम्माने पहिल्यांदा विचारले ते गुरुजींबद्दल. "त्यांना सांगितलं का रे?"

बाबा पुढे पुन्हा कुवेतला गेले. बेकरी उभी राहिली, तसे तेही उभे राहिले. २००३ साली मुलांच्या शाळेसाठी आम्ही चिपळूणला आलो. बाबा कायमचे परतल्यावर त्यांचा रोजचा मुक्काम लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात. १८६४ सालचे ते वाचनालय. तिथे सगळे पेपर एका टेबलावर असायचे. बाबा आधी विदेशाचे पान वाचायचे, मग जिल्ह्याचे, आणि अग्रलेख शेवटी. घरी येऊन अम्माला सगळे सांगायचे. २०११ साली बाबा गेले. त्यांनी बातमीचे ॲप पाहिले नाही. त्याच्या आधीच धाकटा भाऊ त्यांच्याच वाटेने कुवेतला गेला होता. तो बेकरीत नाही, वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीवर आहे.

बाबांच्या मागे अम्माचा पेपर बंद झाला, असे म्हटले तर चूक नाही. आम्ही कामावर, मुले शाळेत. तिला वाचून दाखवायचे, हे आमच्यापैकी कोणाला सुचलेच नाही, हे कबूल केले पाहिजे. मग काही वर्षांनी एक दिवस नातीने तिला ॲपमधले 'ऐका' हे बटण दाखवले. ते दाबले की फोन बातमी वाचून दाखवतो. आवाज यंत्राचा. तो स्वल्पविरामाला थांबत नाही आणि नको तिथे श्वास घेतो. आमच्या आडनावांची तर तो अशी वाट लावतो की अम्मा तोंडाला पदर लावून हसते. पण वयाच्या सत्तरीजवळ तिच्या हाताखाली पहिल्यांदा असा पेपर आला, ज्यासाठी कोणाला हाक मारावी लागत नाही. फोनवर तिने दोन खुणा पक्क्या करून घेतल्या. तिसऱ्या कप्प्याच्या पुढचा तो विदेश आणि घराच्या चित्राशेजारचा तो जिल्हा. ज्या बातम्या आम्ही गाळल्या असत्या, त्याही ती आता ऐकते.

हे ॲप कुठे तोकडे पडते, ते आम्ही २०२१ च्या जुलैत पाहिले. २१ जुलैला बकरी ईद झाली. दिवसभर पाऊस होता, पण ईदच्या गडबडीत त्याच्याकडे कोण बघतो. रात्री वाशिष्ठीचे पाणी बाजारात शिरले आणि पहाटेपर्यंत आमच्या घराचा तळमजला गेला. आम्ही सगळे माडीवर. वीज गेली, मग रेंज गेली. २२ तारखेला दिवसभर आम्ही अधूनमधून ॲप उघडत होतो. ते उघडत होते, पण त्यात आदल्या संध्याकाळचेच पान होते. वर हवामान खात्याचा इशारा, खाली ईदच्या नमाजाचे फोटो. खिडकीखालून सिलिंडर आणि कपाटे वाहत जात होती आणि हातातला पेपर अजून ईद मुबारक म्हणत होता.

त्याच वेळी कुवेतमध्ये भावाला सगळे दिसत होते. एस.टी. आगारातल्या गाड्यांच्या टपापर्यंत आलेले पाणी, बाजारपेठेत फिरणाऱ्या बोटी, पुलाची अवस्था. ज्या गल्लीत तो लहानाचा मोठा झाला त्या गल्लीचे पाणी किती फूट आहे, हे त्याला आमच्यापेक्षा अचूक ठाऊक होते. आम्ही जिवंत आहोत की नाही, तेवढेच ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी रेंज आली आणि त्याचे सगळे निरोप एकदम फोनवर पडले. पहिल्या निरोपात प्रश्न होते. मधल्यांत शिव्या होत्या, मोबाईल कंपनीला. शेवटच्या काहींत फक्त "अम्मा" एवढाच शब्द होता. ते वाचताना आम्हाला १९९० ची चूल आठवली. या वेळी चुलीजवळ तो होता.

पाणी ओसरल्यावर वाचन मंदिरातले भिजलेले ग्रंथ पाहून आलो. २००५ च्या पुरातही हेच झाले होते. बाबा ज्या टेबलाशी बसायचे, त्याच्यावर चिखलाचा थर होता.

आणि मग १२ जून २०२४. बुधवार होता. बकरी ईदला पाच दिवस राहिले होते. साडेअकराच्या सुमारास आम्ही पुढच्या खोलीत हिशेब करत बसलो होतो. अम्मा आतून उठून दारात आली. हातात फोन. म्हणाली, "तो मंगफ म्हणाला."

आम्हाला आधी कळले नाही. तिने पुन्हा बटण दाबले. यंत्राचा आवाज तसाच, ना वर ना खाली. कुवेतमधील मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग. मृतांत भारतीय असल्याची भीती. आवाजाने 'मंगफ' शब्दाचे दोन तुकडे केले होते. तरी तिला कळला. कसा नाही कळणार? आठ वर्षे तो शब्द ती भावाच्या तोंडून ऐकत होती. मंगफला राहतो, मंगफहून बोलतो, मंगफला आज वाळूचे वादळ आहे.

भावाला फोन लावला. वाजतो आहे, उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तो कंपनीच्या इमारतीत राहतो एवढे ठाऊक होते. इमारतीचे नाव काय, हे आठ वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते. त्याच्या खोलीत सहा खाटा आहेत, तो खिडकीजवळच्या खाटेवर झोपतो, मासळी कुठून आणतो, हे सगळे माहीत. पत्ता माहीत नाही.

पुढचे चार तास आम्ही ती एकच बातमी वाचत होतो. अंगठ्याने पान खाली ओढले की वर एक लहान चक्र फिरते आणि बातमी नवी होते. आकडा चाळीसच्या पुढे गेला. आग तळमजल्यावर लागली, बहुतेक माणसे धुराने गुदमरली, झोपेतच होती. इमारतीत दोनशेच्या आसपास कामगार राहत होते. दर वेळी तेच पान, तोच मथळा, फक्त आतले आकडे बदललेले. कागदाच्या पेपरात चुकलेले चुकलेले राहते, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते. इथे मघाचा आकडा कुठे गेला ते कळत नाही. आम्हाला वाटू लागले की आपणच पान ओढून ओढून तो आकडा वाढवतो आहोत. शेवटी बायकोने फोन हातातून काढून घेतला.

तोवर मोहल्ल्यातून व्हॉट्सॲपवर एक यादी आली होती. मृतांची नावे म्हणून. कोणी पाठवली, कुठून आली, पत्ता नाही. मुलगा ती उघडणार, तेवढ्यात अम्मा म्हणाली, "नको. कोणी आणलेली खबर आधी पारखून घ्यावी, हा हुकूम आहे." सूरे हुजुरातमधला तो हुकूम तिला लहानपणापासून पाठ होता. आम्ही तो कितीदा ऐकला असेल, पण तो अशा दुपारसाठी आहे हे तेव्हाच कळले. यादी उघडली नाही. ती यादी खोटी होती की खरी, हे आम्ही नंतरही पाहिले नाही. अम्माने मुसल्ला टाकला. जोहरची वेळ झाली होती.

सव्वाचारला फोन वाजला. भाऊच होता. पहाटे लवकर एका रिफायनरीच्या कामावर गेला होता. आत मोबाईल नेता येत नाही, फाटकावर जमा करावा लागतो. बाहेर आला तेव्हा आमचे बावन्न फोन दिसले. जळालेली इमारत त्याच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. त्याच्या ओळखीचा कोणी तिथे नव्हता, असे तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "चहाच्या गाडीवर चेहरे दिसायचे. नावं माहीत नव्हती."

अम्माने फोन घेतला. जेवलास का, असे विचारेल असे वाटले होते. तिने विचारले, "त्यांच्या आयांना कळलं का?"

रात्री मृतांचा आकडा एकोणपन्नासवर गेला, नंतर पन्नास झाला. त्यांत बहुतेक भारतीय, आणि सर्वांत जास्त केरळचे. १४ तारखेला हवाई दलाचे विमान शवपेट्या घेऊन कोचीला उतरले. ॲपवर फोटो आला. रांगेने ठेवलेल्या पेट्या आणि प्रत्येकीवर चिकटवलेला कागद. अम्माला आम्ही तो फोटो दाखवला नाही, तिने स्वतःच विचारून पाहिला. दोन दिवस आम्ही अल्लाहचे शुक्र मानत होतो आणि ते मानताना मनात ओशाळत होतो. जो आकडा आमच्या घरावरून पुढे गेला, तो कुठल्या तरी घरात थांबलाच होता. कोल्लम, पतनमतिट्टा ही नावे आमच्या ॲपमध्ये 'देश' या कप्प्यात होती. त्या घरांत मात्र मल्याळम पेपरचे विदेश पान त्या दिवशी घरचे पान झाले असणार, जसे आमच्याकडे १९९० साली झाले होते.

कुवेतमध्ये ईद १६ तारखेला झाली, इथे १७ ला. भावाने ईदच्या नमाजानंतर फोन केला आणि पहिल्यांदा स्वतःहून आपला पूर्ण पत्ता लिहून पाठवला. इमारत, रस्ता, ब्लॉक, मुकादमाचा नंबर, शेजारच्या खाटेवरच्या दोघांचे नंबर. तो कागद आता फ्रिजवर चिकटवलेला आहे. आम्ही वाचकांना एवढेच सांगू, की ज्यांची माणसे तिकडे आहेत त्यांनी हा कागद आजच मागवून घ्यावा. पेपर आकडा देतो आणि शहर देतो. आपल्या माणसापर्यंतचा शेवटचा पत्ता आपल्याकडे हवा.

त्यानंतरच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही आगीची बातमी पुन्हा पुन्हा उघडली होती, म्हणून ॲप आम्हाला आगीच दाखवू लागले. कुठल्या कारखान्यातली, कुठल्या देशातली, कुठल्याही गावातली. बोट जिथे थांबते तेच पुढे वाढायचे, एवढेच त्याला कळते. भीतीने थांबलेले बोट आणि आवडीने थांबलेले बोट यांतला फरक त्याला कळत नाही. आणि गंमत अशी की खुद्द मंगफ आठवड्याभरात विदेशाच्या पानावरून नाहीसे झाले. एका खोलीत किती खाटा असाव्यात, जिन्याची दारे उघडी असतात का, याची चौकशी कुठवर आली, हे आम्हाला ॲपने नाही, भावाने फोनवर सांगितले. कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय आहेत. आम्ही वाचतो त्या ॲपवर मात्र तिथली बातमी येते ती वृत्तसंस्थेच्या नावाने. आधी तेल, मग युद्ध, मग व्हिसा. सहा खाटांच्या खोलीची बातमी यायला आग लागावी लागते.

याला पेपरवाल्यांनाच जबाबदार धरून चालणार नाही. आमच्या बाबांनी तीन दशके आखातात काढली. अम्मानच्या वाटेवरच्या त्या तंबूंबद्दल ते ओटीवर बसून तासन्‌तास बोलायचे. आम्ही लिहिणारी माणसे. आम्ही चार ओळी टिपून ठेवल्या नाहीत. त्यांच्याबरोबर ते तंबू गेले. मराठी लिहिता येणारे आपले किती तरी तरुण आज कुवेत, दोहा, दम्मामला आहेत. त्यांनी आपल्या खोलीचे, आपल्या रस्त्याचे लिहिले तर ती बातमी 'माझा जिल्हा' या कप्प्यातच छापावी लागेल. आम्ही भावाला सांगितले आहे. तो म्हणतो, "भाईजान, मला कुठे लिहिता येतंय?" पण हल्ली त्याचे निरोप लांब झाले आहेत. परवा त्याने चहाच्या गाडीवरच्या माणसांची नावे लिहून पाठवली. आता ओळख करून घेतो म्हणाला.

घरात एक बदल आम्ही केला. मगरिबनंतर अर्धा तास फोन टेबलावर ठेवतो आणि एकाने मोठ्याने वाचायचे. यंत्राने नाही, माणसाने. एक दिवस मुलगा, एक दिवस मुलगी, कधी आम्ही. आधी विदेश, मग जिल्हा. बाबांचा क्रम. वाचणारा काही गाळत नाही. एखादा आकडा आला की अम्मा थांबवते आणि विचारते, कुठली माणसे होती? बहुतेक वेळा उत्तर बातमीत नसते. मग आम्ही दुसरा कप्पा उघडतो आणि शोधतो. सापडते कधी, कधी नाही. नाही सापडले तरी ती हात उचलून दुआ करते आणि म्हणते, पुढे वाच.

सकाळी मात्र तिचे ते बटण तिचेच आहे. फजरनंतर खोलीतून यंत्राचा आवाज येतो, स्वल्पविरामाला न थांबता. आम्ही चहा ठेवतो आणि कान तिकडे ठेवतो. आवाज थांबून बांगड्या वाजल्या, ती उठून मोरीकडे गेली, म्हणजे आज मंगफ म्हटलेले नाही.